दक्षिणमुखी गाडी

चहा गार करू नका, पीत पीत ऐका. अट एकच, मध्ये हसायचं नाही. कारण या प्रकरणात मी जे जे केलं ते अत्यंत गांभीर्याने केलं, आणि माझी जी काय शोभा झाली ती त्या गांभीर्यामुळेच झाली. थट्टेत केलं असतं तर निभावून गेलं असतं.

तर तेव्हा आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीत मी एक गाडी आणून उभी केली. मूळची एका बेकरीची, पाव वाहायची, चारी बाजूंनी बंद, उंच टपाची. आत माणूस ताठ उभा राहतो. मला तिची राहायची गाडी करायची होती. म्हणजे आत पलंग, इवलासा ओटा, दिवे, पंखा. शनिवारी सकाळी निघायचं आणि समुद्रकाठी जिथे मन लागेल तिथे मुक्काम! परदेशातले लोक करतात तसं. मी ते इंटरनेटवर पाहिलं होतं. आणि इंटरनेटवर पाहिलेलं सगळं आपल्याला जमतं, असं मानणाऱ्या माणसांपैकी मी एक.

मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, कल्पना पसंत पडली. फक्त तिने मला शपथ घातली.

"हे कुणाला सांगायचं नाही."

"का?"

"स्वतःचा फ्लॅट असताना नवरा-बायको गाडीत झोपतात म्हटल्यावर लोक काय समजतील? तुझ्या आईने दोघांना बाहेर काढलं म्हणतील."

आई तेव्हा पुण्याला भावाकडे होती. पण तिचा लौकिक पनवेलपर्यंत होता. मला मुद्दा पटला.

आता मला सांगा, माणसाने एवढी मोठी गोष्ट हाती घ्यायची आणि तिच्याबद्दल अवाक्षर बोलायचं नाही, हे जमतं का कुणाला? मला तरी जमत नाही. म्हणून मी मधला मार्ग काढला. गाडी कशासाठी आहे ते सांगायचं नाही, फक्त तिच्या सोलरबद्दल बोलायचं. सगळा घोळ इथे झाला.

कारण सोलरने मला पुरतं झपाटलं होतं. टपावर पॅनल, पलंगाखाली बॅटरी, पंखा किती वीज खातो, दिवे किती खातात, दह्याच्या सटापुरता छोटा फ्रीज किती खातो, याची गणितं मी ऑफिसात, जेवताना, दाढी करताना करायचो. माणसंसुद्धा मला वॅटमध्ये दिसायला लागली. मेधा म्हणाली, "मिक्सर घेऊ या, चटणीला." मी म्हटलं, "मिक्सर पाचशे वॅट. त्यापेक्षा खलबत्ता घे. खलबत्ता शून्य वॅट."

"आणि तो कुटणारी किती वॅट?" तिने विचारलं.

मिक्सर घेतला. बॅटरी एक वाढवली.

उन्हाने आत भट्टी होऊ नये म्हणून गाडीला पांढराशुभ्र रंग दिला. खिडक्यांना पांढरे पडदे. विचुंब्याच्या एका फॅब्रिकेटरकडून टपावर पॅनलची चौकट करून घेतली. मागून उचलून तिरकी करता येईल अशी. गाडीला नाव मेधाने सुचवलं. विसावा. समोर काचेच्या वर, जांभळ्या अक्षरांत, ठसठशीत. किती छान नाव! स्मशानाच्या वाटेवर तिरडी खाली टेकवतात त्या जागेलाही विसावा म्हणतात, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण त्या वेळी आठवलं नाही. तुम्हाला आता सांगितल्यावर आठवलं ना? तसंच.

राहता राहिली दिशा. पॅनलने भरपूर वीज द्यायला हवी असेल तर तोंड दक्षिणेकडे लागतं. चौकट मागून उचलायची, म्हणजे गाडीचं नाक दक्षिणेला. म्हणून मी रोज सोसायटीच्या आवारात गाडी मागेपुढे करून नेमकी दक्षिणमुखी लावायचो. मोबाइलमधलं होकायंत्र काढून बघायचो. समाधान होईपर्यंत हलायचो नाही.

आमचे सेक्रेटरी दातारकाका हे बरेच दिवस बघत होते. एके दिवशी जवळ आले.

"रोज दक्षिणेकडेच तोंड?"

"दक्षिणच लागते, काका. शास्त्र आहे त्यामागे."

"ते आहेच," दातारकाका गंभीरपणे म्हणाले. मग मागच्या दारातून आत डोकावले. लांबलचक पलंग, पांढरी चादर, वर पंखा. "आत... एकच का?"

"दाटीवाटीने दोन मावतात. पण आरामात म्हणाल तर एक."

"आणि थंड राहतं?"

झालं! मला एवढंच हवं होतं. "काका, इंजिन बंद, गाडी दिवसभर उन्हात उभी, तरी आतल्या माणसाला काही कळणार नाही! धूर नाही, आवाज नाही. बर्फाबिर्फाची भानगडच नाही."

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही कुणाला बोलला नाहीत, हा तुमचा मोठेपणा आहे," एवढंच म्हणाले आणि गेले. मला वाटलं, पनवेलमध्ये अपारंपरिक ऊर्जेबद्दल जागृती होते आहे.

दोन-चार दिवसांत तळमजल्यावरच्या साठेआजी काठी टेकत आल्या. वय ऐंशीच्या पुढे, ऐकायला स्वच्छ, बोलायला त्याहून स्वच्छ.

"पंखा डोक्याकडे आहे की पायाकडे?"

"फिरवता येतो, आजी."

"मला डोक्याकडे हवा. आणि पडदे उघडे ठेव बाबा. आयुष्यभर तळमजल्यावर काढलं, निदान तेव्हा तरी बाहेरचं दिसू दे."

आजींनाही सहलीला यायचंय! मला भरून आलं. पण यांना कळलं कसं? मेधाच बोलली असणार. मी म्हटलं, "आजी, पहिला नंबर तुमचा."

"घाई नाही रे," आजी म्हणाल्या.

त्यानंतर सोसायटीची वार्षिक पूजा आली. तीर्थप्रसाद झाल्यावर दातारकाकांनी माइक हातात घेतला आणि मला पुढे बोलावलं. शाल, श्रीफळ! माझा सत्कार! "आपल्यातल्या एका तरुण गृहस्थाने," काका म्हणाले, "कसलाही गाजावाजा न करता फार मोठं काम हाती घेतलं आहे. शेवटी आपल्या सगळ्यांना एक दिवस जायचंच आहे. जाणाऱ्याचा प्रवास सुखाचा व्हावा, एवढीच यांची तळमळ."

टाळ्या वाजल्या. पण अशा, हलक्या हाताने. मला वाटलं, प्रसादाचे द्रोण हातात असतील.

म्हटलं, आता फुटलंच आहे तर लपवायचं कशाला? मी माइक घेतला. "मित्रहो, मी तर म्हणतो, म्हातारपणाची वाट बघायचीच कशाला? हातीपायी धड आहोत तोवरच जावं. मी स्वतः येत्या महिन्यातच जायचं ठरवलंय. आणि एकटा नाही, बायकोला घेऊन जाणार आहे!"

मंडपात अशी शांतता पसरली की सत्यनारायणापुढच्या समईची वात तडतडलेली ऐकू आली. मेधा एकटीच लाजून खाली बघत होती. त्यामुळे तर लोकांच्या काळजात अधिकच चर्र झालं असणार. मला वाटलं, भाषण पोचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

"दादा, ती सोलरची गाडी तुमचीच ना? मी नरेश बोलतो. जासईला कंटेनर यार्डात काम करतो. विचुंब्याच्या फॅब्रिकेटरनी नंबर दिला तुमचा. आतमदी पंखा चालतो ना, इंजिन बंद असला तरी?"

"दिवसभर!"

"आमच्या बापाला न्यायचाय. पनवेलवरना घरी, करंजाला."

करंजा! उरणच्या पुढचं कोळीवाड्याचं गाव, समोर समुद्र. गाडीची पहिली सफर याहून चांगली कुठली होणार? मी म्हटलं, "वडिलांना हौस दिसते अशा गाड्यांची."

"हौस कसली, दादा? त्याला काय कलतंय? आडवा निजवून न्यायचाय. ऊन नको, धूल नको. थंड पायजे."

"राजासारखे झोपतील. त्यांना आवडलं तर एक रात्र किनाऱ्यावर मुक्काम करू."

"नाय, मुक्काम नको. घरी मानसं वाट बघतात."

"बरं. परत कधी आणायचं?"

"परत? परत कशाला आनायचा?"

"तेही खरंच. समुद्र सोडून कोण येतं!"

उद्या सकाळी बस स्टँडमागच्या हॉस्पिटलच्या गेटवर भेटायचं ठरलं. हॉस्पिटल म्हटल्यावरही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मला वाटलं, भेटायला सोयीची खूण म्हणून सांगतोय.

संध्याकाळी मेधा भाजी घेऊन आली ती दारातच मटकन बसली. खाली तिला दातारकाकू भेटल्या होत्या. काकूंनी तिचा हात घट्ट धरून, डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं, "संसारात अडचणी येतात गं. पण दोघांनी मिळून असा विचार करू नका. आणि त्यातून तुमची स्वतःची शववाहिनी!"

"आपली काय?" मी म्हटलं.

"शववाहिनी. अख्खा सेक्टर तसं समजतोय."

मी गॅलरीत गेलो. खाली गाडी उभी होती. पांढरी, बंद, पांढऱ्या पडद्यांची, दक्षिणेकडे तोंड करून. कपाळावर 'विसावा'. इतके दिवस मी तिच्याकडे बघत होतो, पण ती मला दिसली अशी तेव्हाच.

आणि मग मला नरेशचा फोन आठवला. आडवा निजवून न्यायचाय. त्याला काय कलतंय. थंड पायजे. परत कशाला आनायचा.

मी मेधाला सगळं संभाषण सांगितलं. समुद्र सोडून कोण येतं, हे माझं वाक्य ऐकल्यावर तिने कपाळाला हात लावला.

"त्या बिचाऱ्याचे वडील गेलेत आणि तू त्याला मुक्काम करू म्हणालास?"

"फोन करून नाही म्हणून सांगू?"

"माणूस गेलेल्या घराला नाही म्हणतात का? कबूल केलंयस, आता नीट पार पाड."

बरं, फोन करून खात्री तरी कशी करणार? 'तुमचे वडील आहेत की गेले' असं विचारता येतं का कुणाला?

मग मी कागद-पेन्सिल न घेता, नुसता डोळे मिटून, विजेचं गणित पुन्हा मांडलं. थंडावा हवा होता. फ्रीजचा उपयोग नव्हता, त्यात दह्याचा सट आणि दोन काकड्या मावतात. पण एका दृष्टीने परिस्थिती सोपी झाली होती. मृत माणसाला मोबाइल चार्ज करायचा नसतो. दिवा नको, मिक्सर नको. म्हणजे सगळीच्या सगळी वीज पंख्याला! आणखी एक पंखा मी घरातून नेऊन पायाशी बांधला. मेधाने पडद्यांमागे अडकवलेल्या समुद्रावर घालायच्या टोप्या काढून ठेवल्या.

सकाळी मी पांढरा सदरा-लेंगा घातला, मेधा पांढरी सुती साडी नेसली. मार्केटमधून झेंडू-शेवंतीचा जाड हार घेतला. हॉस्पिटलच्या गेटवर तिशीचा एक माणूस पिशव्या घेऊन उभा होता. मी उतरून हात जोडले.

"नरेश? फार वाईट झालं."

"आता काय करनार, दादा. सुटला एकदाचा."

"त्रास फार झाला का?"

"लय. आमाला. जेवान आवडत नाय, गादी आवडत नाय. नर्स तर पलून गेली शेवटला."

मी मान हलवली. मोठ्या माणसांचे शेवटचे दिवस असेच जातात. खालच्या आवाजात विचारलं, "कधी गेले?"

"आताच गेला."

"आत्ता?"

"हां. खाली कँटिनला. चाय प्यायला."

मागे मेधाच्या हातातल्या हाराचा कागद चुरचुरला. आणि तेवढ्यात कँटिनच्या दारातून एक उंचापुरा, काळा कुळकुळीत म्हातारा तोंड पुसत आला. एका डोळ्यावर कापसाची ही एवढी पांढरी पट्टी. बाकी माणूस खणखणीत. डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि डॉक्टरांनी धूळ, ऊन, धक्का काही न लागता झोपवून न्यायला सांगितलं होतं. एवढंच.

"अँब्युलन्स नको बोलतो बाप," नरेशने खुलासा केला. "बोलतो, अँब्युलन्समदी बगितला त गावात रडारड व्हईल."

पोशा नाखवा, म्हणजे नरेशचे वडील, एका डोळ्याने मेधाकडे बघत होते. "ह्यो हार कुनाला आनलाव?"

मी देवाचा धावा केला. पण मेधा माझ्यासारखी नाही. "तुम्हालाच, नाखवा," ती म्हणाली. "आमच्या गाडीचे पहिले पाहुणे तुम्ही!" आणि तिने तो हार त्यांच्या गळ्यात घातला. नाखवा असे खूश झाले की काही विचारू नका. आयुष्यात पहिला हार लग्नात पडला होता, हा दुसरा. आता ते तो हार काढायलाच तयार होईनात. हारासकट पलंगावर आडवे झाले, हात पोटावर घेतले आणि म्हणाले, "चल, हान."

खरं सांगतो, त्या प्रवासात माझं सोलर असं चाललं, असं चाललं! जासईपाशी कंटेनरच्या ट्रेलरांची रांग, बाहेर धुरळा, डोक्यावर ऊन. आत मात्र दोन पंखे भिरभिरत होते. नाखवांना अशी गाढ झोप लागली की घोरणंसुद्धा नाही. पायाशी बसलेला नरेश हॉस्पिटलातल्या जागरणांनी शिणलेला, त्याचीही मान छातीवर पडली. धक्का लागू नये म्हणून मी गाडी अगदी पायी चालल्यासारखी हाकत होतो.

आता हे जरा करंजाच्या बाजूने बघा. रस्त्याकडेला बायका सुकट वाळत घालतायत. समोरून एक पांढरी बंद गाडी पावला-पावलाने येते. कपाळावर 'विसावा'. पुढे पांढऱ्या कपड्यांतला एक पुरुष आणि पांढऱ्या साडीतली एक बाई, दोघांचीही तोंडं गंभीर. गाडी पोशा नाखवाच्या दारात थांबते. थांबून सरळ लागत नाही, मागेपुढे होते आणि नेमकी दक्षिणेकडे तोंड करून उभी राहते. सवय हो, दुसरं काय? मग पांढऱ्या कपड्यांतला तो माणूस उतरून मागचं दार उघडतो.

आत नाखवा. आडवे, छातीवर हार, डोळ्यावर कापूस, हात पोटावर. पायाशी मान खाली घातलेला मुलगा.

"अरं माज्या नाखवा रं!" नाखवांच्या बायकोने, भीमाबायने, जो टाहो फोडला तो समोरच्या होड्यांपर्यंत गेला असणार. तिच्या पाठोपाठ सगळा वाडा. नरेश दचकून जागा झाला, आणि एवढा हंबरडा ऐकून, काय झालं ते न कळता, तोही रडायला लागला!

मी दोन्ही हात वर केले. "रडू नका! झोपलेत ते! शांत झोपलेत!"

रडणं दुप्पट झालं.

"अहो, वाटेत अजिबात त्रास झाला नाही त्यांना!"

तिप्पट.

मी नाखवांना हलवायला आत वळलो, तर बायकांनी मला बाजूला सारलं. आधी घरच्यांनी दर्शन घ्यायचं असतं. आणि नाखवा काही उठेनात! दोन पंख्यांच्या वाऱ्यात कोण उठतंय? शेवटी मेधा ओरडली, "अरे, पंखे बंद कर, पंखे!" मी पुढून हात घालून बटण दाबलं. उन्हात उभी पत्र्याची गाडी, वर माणसांची गर्दी. क्षणात आत भट्टी झाली.

"पंका कुनी बंद केला रं?" नाखवांनी एक डोळा उघडून विचारलं.

जी पळापळ झाली ती मी वर्णन करत नाही. सुकटीची सुपं उधळली, एवढंच सांगतो. भीमाबाय मात्र जागची हलली नाही. तिने आधी नवऱ्याला नीट चाचपून बघितलं, मग मुलाला एक ठेवून दिली आणि मग माझ्याकडे वळली. माझ्या आईच्या तोंडूनसुद्धा मी तसलं कधी ऐकलेलं नाही. सगळं बोलून झाल्यावर म्हणाली, "ये घरात. जेवल्याबिगर जायाचा नाय."

पण प्रकरण तिथे संपत नाही. तेवढ्यात कुणीतरी मोबाइलवरून नातेवाइकांना कळवून मोकळं झालं होतं. दुपारभर माणसं येत राहिली. कुणी हार घेऊन, कुणी नारळ घेऊन, दारापर्यंत रडत, आणि दारात आल्यावर गप्प. कारण ओटीवर नाखवा स्वतःच बसलेले, हार घालून. मी शेजारी, पानात तळलेल्या बोंबलांचा ढीग.

येईल त्या माणसाला नाखवा जवळ बोलवायचे, माझ्या पाठीवर थाप मारायचे आणि ओळख करून द्यायचे:

"आजवर मेलेल्याला पोचवनारी मानसं लय बगितली. जित्याला पोचवनारा ह्यो पयलाच."